निक जोनासनं त्या नाटकात एवढं काय बिघडवलं गा? (अन् आमच्या मंडळाचं भांडण)

लाखांदूरचा_पाट

राम राम मंडळी. गोठ जरा आडवी आहे. झाडीपट्टीवाल्यानं (म्हणजे आमच्या भंडारा-गडचिरोलीकडच्या माणसानं) लंडनच्या नाटकाचा प्रश्न टाकला म्हणून हसू नका, पुरं वाचा मग बोला.

मागच्या आठवड्यात धान खरेदी केंद्रावर नंबर लावून होतो. पुढे ट्रॅक्टरच ट्रॅक्टर, काटा दोनदा बंद पडला, रात्र तिथंच निघणार हे पक्कं झालं. तेवढ्यात नागपूरले शिकणाऱ्या भाचीनं व्हॉट्सॲपवर पाठवलं, मामा तू एवढा नाटकवेडा ना, मग हे पाय. 'ले मिझराब्ल' नावाचं नाटक, लंडनमध्ये त्याले २५ वर्षं झाले म्हणून ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या ओ-टू नावाच्या भल्या मोठ्या जागी केलेला प्रयोग. ट्रॉलीत पोत्यांवर पडून, अंगावर घोंगडं घेऊन पुरं पाह्यलं, जवळपास तीन तास. इंग्रजी मले अर्धं समजते अर्धं नाही, पण आमच्या गावात राइस मिलवर छत्तीसगढचे मजूर येतात ते बी रात्रभर मराठी नाटक पाहतात अन् बरोबर जागेवर रडतात, तर ते काही अडलं नाही.

एक तर त्यात बोलणं जवळपास नाहीच, सप्पा गाऊनच. अन् हा नेहमीसारखा प्रयोग नव्हता, मागं पुरा वाद्यवृंद बसलेला, समोर उभे माइक, नटमंडळी ड्रेस घालून माइकसमोर येते, गाते, जाते. कैद्याचं काम करणारा अल्फी बो, त्यानं देवाले मागणं मागायचं गाणं सुरू केलं तर बाजूच्या ट्रॅक्टरवरचा माणूस उतरून आला, म्हणे काय लावलं बे हे, आवाज वाढव. मग येतो हिरो, मारियस. तो म्हणजे निक जोनास, भावाभावांच्या बँडमधला गाणारा पोट्टा. आता खरं सांगू का, बाकीच्यांचा आवाज छातीवर येऊन आदळत होता, अन् हा आला का मले वाटलं मोबाइलचा स्पीकर बोटाखाली दबला. खरंच बोट सरकवून पाह्यलं मी.

मग खाली लोकांचं लिहिलेलं वाचलं. धुतलं ना त्याले. कोणी म्हणे नाकात गाते, कोणी म्हणे तोंडावर एकच भाव, पोट दुखल्यासारखा, कोणी म्हणे ह्याले काढा अन् बाकी तसंच राहू द्या. मधात काही पोट्ट्या भांडून राहिल्या का आम्ही त्याच्यापायीच हे नाटक पाह्यलं, तुम्हाले काय करायचं आहे.

पण शेवटाकडं त्याचे सारे दोस्त मरतात, हा एकटा वाचते अन् जिथं बसत होते तिथं येऊन रिकाम्या खुर्च्या पाहून गाते, तिथं मले भरून आलं. आवाज पातळ होता, हाव, होताच. तरी आलं. तर माझे कान खराब का लोकांचे?

हे काऊन विचारून राहिलो तर यंदा आमच्या मंडळानं शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री नाटक ठेवलं, त्याच्या पोस्टरवर सगळ्यात मोठा फोटो एका अल्बमवाल्या गायिकेचा. नाव नाही सांगत, कंपनीचं बी नाही. मोबाइलवर तिचे गाणे आमच्याकडं लग्नात डीजेवर वाजतात. मीच मंडळात हट्ट केला का हीच पाहिजे. पहिल्या एन्ट्रीले शिट्ट्याच शिट्ट्या, दहा मिनिटं नाटक पुढंच सरकलं नाही. रात्री दोनपर्यंत मागून आवाज येऊन राहिले, "आवाज! आवाज!" अन् कोणीतरी बोंबललं, गाणं लावा ना मोबाइलवर. तेव्हापासून मी चहाच्या टपरीवर गेलो का तेच गाणं वाजवतात पोट्टे. आता पुढच्या सालचं ठरवायले बैठक आहे. तर जाणकारांनी सांगा, बाहेरच्या गाणाऱ्याले नाटकात आणलं का हे असंच होते का?

बे_एक_बे

अरे तो प्रियंका चोप्राचा नवरा न बे. २०१८ ले जोधपूरले लग्न झालं. घरचा जावई आहे, जावयाले कोणी असं बोलते का. आवाज कसाबी असो, पाटावर बसवा अन् गोड जेवू घाला.

थेम्सकाठचा_ब्रह्मपुरीकर

भाऊ, मी मूळचा ब्रह्मपुरीचा, सध्या लंडनला नोकरीला. तुझी पोस्ट वाचून इथल्या थंडीत एकदम मंडपात बसल्यासारखं झालं. हे नाटक मी इथं थेटरात दोन वेळा पाहिलं आहे (त्या थेटराचं नाव आधी क्वीन्स होतं, २०१९ मध्ये सॉन्डहाइम केलं), म्हणून जरा लिहितो.

पहिली गोष्ट, निक जोनास हा नाटकातला बाहेरचा माणूस नाही. लोकांना वाटतं बँडवाला उचलून आणला. तो लहानपणी न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर नाटकातच होता, आणि याच नाटकात, २००३ च्या सुमारास, गाव्रोश नावाचं जे चुणचुणीत पोरगं आहे ते काम त्यानं केलं आहे. बँड नंतरचा. २०१० च्याच उन्हाळ्यात त्यानं इथं लंडनला रोजच्या प्रयोगात मारियस केला होता आणि मग ऑक्टोबरात ओ-टूचा कार्यक्रम. तेव्हा त्याला १८ पूर्ण होऊन तीन आठवडे पण झाले नव्हते. आपल्याकडं बारावीचे पोट्टे असतात त्या वयाचा.

आता त्याच्या आजूबाजूला कोण उभं होतं ते बघ. अल्फी बो ऑपेरा गाणारा माणूस. त्याआधी हा गाड्यांच्या कारखान्यात मेकॅनिकचं काम शिकत होता, ते वेगळंच प्रकरण आहे, कधी वेळ मिळाला तर वाच. फान्तीनचं, म्हणजे पोरीसाठी झिजून मरणाऱ्या आईचं, काम करणारी लिआ सलोंगा फिलिपिन्सची, तिनं १९९५ च्या याच नाटकाच्या दहा वर्षांच्या कार्यक्रमात एपोनीन (मारियसवर एकतर्फी जीव लावणारी पोरगी) केली होती. पोलीसवाला नॉर्म लुइस. आंजोल्रास म्हणजे पोरांचा पुढारी, तो रामिन करीमलू, पुढच्याच वर्षी 'फँटम' नावाच्या दुसऱ्या संगीत नाटकाच्या पंचविशीच्या कार्यक्रमात मुख्य काम त्यानंच केलं. आणि मारियसचं माप आधीच ठरलेलं होतं, कारण १९८५ ला लंडनमध्ये पहिला मारियस मायकल बॉलनं केला होता आणि १९९५ च्या कार्यक्रमातही तोच. लोकांच्या कानात तो आवाज बसला आहे. म्हणजे आपल्याकडं एखाद्या नटानं वीस वर्षं केलेली भूमिका नवीन पोराला देऊन बघा, पहिल्या वाक्यालाच लोक म्हणतात, तो नाही जमला.

त्यात हा कार्यक्रम उभ्या माइकसमोर. नेहमीच्या प्रयोगात मारियस पळतो, बॅरिकेडवर चढतो, मुलीच्या फाटकापाशी घुटमळतो, एपोनीन त्याच्या मांडीवर मरते. हे सगळं काढून टाकलं आणि फक्त गळा ठेवला, तर कोण पुढं आणि कोण मागं हे आंधळ्यालाही समजते. मला विचारशील तर त्याला चुकीच्या दिवशी उभा केला.

आणखी एक मजा. अल्फी बोचं ते देवाला मागणं मागायचं गाणं, ज्यावर लोक थांबता थांबेनात, ते कोणासाठी आहे? या मारियससाठीच. "या पोराला घरी सुखरूप ने" म्हणून. कार्यक्रम संपल्यावर चार-चार जणांनी मिळून पुन्हा गायलं ते. म्हणजे सगळ्यात जास्त टाळ्या ज्याच्या जिवासाठी पडल्या, शिव्याही त्यालाच.

धानकापणी

@थेम्सकाठचा_ब्रह्मपुरीकर भाऊ ते फ्रेंच क्रांती वालं नाटक न हे? राजाची मुंडी कापतात ते?

थेम्सकाठचा_ब्रह्मपुरीकर

नाही रे, ती १७८९ ची. सगळ्यांची इथंच गल्लत होते. या नाटकातला उठाव जून १८३२ चा, पॅरिसचा, दोन दिवसांत चिरडला. राजा तसाच राहिला. म्हणून तर खुर्च्या रिकाम्या आहेत, जिंकले असते तर भरल्या असत्या.

पेटीवाला_भाऊ

मी २२ सीझन ऑर्गन वाजवला आहे, वडशाच्या (झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या तिथंच आहेत) तीन-चार कंपन्यांत. त्यामुळं लांब लिहीन, माफी असावी. फोनवर टाइप करून राहिलो, चुका पोटात घाला.

लोकं म्हणतात आवाज नाही. आवाज सगळ्याले असते. प्रश्न हा का तो आवाज कशासाठी घडवला आहे. अल्बमचं गाणं कसं होते ते मी पाह्यलं आहे, नागपूरले दोन वेळा रेकॉर्डिंगले वाजवायले गेलो होतो. काचेच्या खोलीत माइक ओठाले चिकटलेला, एक ओळ गायची, थांबायचं, पाणी प्यायचं, पुन्हा तीच ओळ, आठ वेळा गायली त्यातली बरी ती ठेवायची, सूर खाली गेला तर मशीननं वर ढकलायचा. वाईट नाही म्हणून राहिलो मी, ते बी कामच आहे, अन् त्या कुजबुजल्यासारख्या आवाजातच त्याची गोडी असते. कानापाशी येऊन बोलल्यासारखं. पण नाटकात तुमच्या कानापाशी कोणीच येत नाही. माइक वर लटकलेला. त्याच्या खाली जाऊन उभं राहा, समोर पाच हजाराचा मंडप, बाजूले भजे तळणारा, मागं जनरेटर. माइक नवीन आवाज देत नाही गा, जेवढा पोटातून येईन तेवढाच मोठा करते, अन् आवाजासंगं दम लागला तर तो दम बी मोठा करते.

दुसरं. नाटकातलं गाणं वाक्यातूनच निघते. नायिका बापाले म्हणते, "बाबा, तुम्ही मले विकलं," अन् त्या 'विकलं'वरच मी सूर धरतो, तिथून गाणं. गाणाऱ्या नटीले हे समजते, ती बोलता बोलता सुरात शिरते, लोकाले पत्ता लागत नाही कवा बोलणं संपलं. अल्बमवाली काय करते, बोलते, थांबते, उभी राहते, केस मागं करते, मग माझ्याकडं पाहते का वाजवा. झालं, नाटक तिथं मेलं. त्या दोन सेकंदात मंडपातले लोकं चहाले उठतात, मी समोर बसतो मले दिसते.

आमच्या इकडं एक सोय आहे जी त्या लंडनवाल्या पोट्ट्याले नव्हती. मागच्या चार-पाच सालात एक रियालिटी शोवाला पोरगा आमच्या नाटकात होता. पहिल्या अंकात काळी चारच्या पट्टीत ठीक. रात्री दीड वाजता, धुई पडलेली, त्याचा गळा बसला. मी तबलेवाल्याले डोळा मारला अन् गुपचूप दोन पट्ट्या खाली उतरलो. ऑक्टोपॅडवाल्यानं जोर वाढवला. दुसरं कडवं आम्ही अर्धं खाऊन टाकलं. लोकाले वाटलं छान झालं. सकाळी त्या पोरानं माझे पाय धरले, खोटं नाही सांगत. आता मागं एवढा मोठा वाद्यवृंद कागद समोर ठेवून वाजवून राहिला, तिथं ऐन वेळेवर पट्टी कोण उतरवन? कोणीच नाही. पोट्टं एकटंच लटकलं.

अन् लाखांदूरवाले भाऊ, तुमच्या कंपनीनं त्या पोरीची तालीम किती केली ते विचारा आधी. आमच्याकडं दोन-चार दिवसांच्या तालमीत नाटक उभं राहते, बाकी प्रॉम्प्टरच्या भरवशावर. जुन्या नटाले चालते ते, त्याची हाडंच नाटकाची. कुरखेड्याकडचे परशुराम खुणे, ज्याईले २०२३ मध्ये पद्मश्री भेटली, त्याईचे प्रयोग पाच हजाराच्या वर सांगतात. असा माणूस प्रॉम्प्टरचा एक शब्द ऐकला का दहा वाक्यं स्वतः लावते. ह्या पोरीले प्रॉम्प्टरचा आवाज येऊन राहिला का नाही हेच समजत नसन. मी तिले दोष नाही देणार. मी ठेकेदाराले देईन, अन् थोडा पोस्टर छापणाऱ्याले.

निवृत्त_मास्तर

पेटीवाले भाऊंचं लिहिणं वाचून आनंद झाला, पण एका मुद्द्यावर मी असहमत आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गाणाऱ्यानं नाटकात येऊच नये असा अर्थ निघतो. आपल्याच विदर्भाचं उदाहरण घ्या ना. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, जन्म १९२०. मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करणारे. त्यांना १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली'मध्ये खाँसाहेब केलं. नाटक लिहिलं ते नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. गायक होते ना ते? आणि काय गाजलं ते काम! आमच्या वडिलांनी नागपूरला पाहिलं होतं, मरेपर्यंत खाँसाहेबांच्या बसण्याची नक्कल करत.

पण यात एक मेख आहे, ती मला तुमचा धागा वाचतानाच सुचली. कट्यारमधला खाँसाहेब हा गवईच आहे. त्याचं गाणं हेच त्याचं दुखणं, तोच त्याचा गर्व. तिथं वसंतरावांचा गळा जितका थोर तितकी भूमिका थोर. मारियस गवई नाही. तो एक विद्यार्थी आहे, कॉलेजचं पोरगं, मित्रांच्या नादानं बंदुकीपुढं उभं राहिलेलं आणि नशिबानं वाचलेलं. त्यानं रिकाम्या खुर्च्यांपुढं तयार गळ्यानं तान मारल्यासारखं गायलं तर ते मला खोटं वाटेल. आमच्या लाखांदूरवाल्या भाऊंना तिथं रडू आलं, ते कान खराब म्हणून नव्हे. त्या ठिकाणी आवाजाचं पातळ असणंच पोराच्या उपयोगी पडलं. आधीच्या प्रेमाच्या गाण्यांत तोच आवाज तोकडा पडतो, कारण तिथं शेजारी उभी असलेली मुलगी मोकळ्या गळ्यानं गाते आणि तुलना लगेच होते.

म्हणजे लोकांचं म्हणणं चूक नाही, पण सगळं नाटकभर एकच शिक्का मारायचं कारण नव्हतं. शाळेत पण आम्ही हेच करायचो, गणितात नापास पोरगं म्हणजे ढ. बालगंधर्वांच्या काळातले लोक वन्स मोर देताना सुद्धा एका एका पदाला द्यायचे. पुऱ्या माणसाला नाही.

पेटीवाला_भाऊ

गुरुजी मान्य. पण पातळ आवाज वेगळा अन् दम तुटलेला आवाज वेगळा. मी आता ती क्लिप कानात तार घालून ऐकली. खुर्च्यांच्या गाण्यात शेवटी जिथं वर चढायचं आहे तिथं त्याचा गळा आवळल्यावाणी वाटते, ते दुःख नव्हे, ती भीती. पाच हजाराच्या मंडपापुढं मी पहिल्यांदा बसलो तेव्हा माझे बोटं तसेच झाले होते. बाकी तुमची वसंतरावांची गोठ जपून ठेवतो.

निवृत्त_मास्तर

दुःखात पण गळा आवळतो, भाऊ.

पेटीवाला_भाऊ

😀 हाव गुरुजी. पण ते नट ठरवते कवा आवळायचा. इथं गळ्यानंच ठरवलं.

बचतगट_ताई

सगळे गडी माणसं गळ्यावरच अटकले. मी बोलू का? आमच्या गावात नाटकाच्या तिकिटा बायकांच्या गटानं विकल्या यंदा, म्हणून हिशोब मले ठाऊक आहे. ज्या साली पोस्टरवर ओळखीचा चेहरा असते त्या साली समोरच्या गाद्यांच्या तिकिटा दिवाळीच्या मंडईतच (जत्रेतच) संपतात. नसला का दुपारपर्यंत भोंगा फिरवा, जावई आला, व्याही आला, सगळ्याले हात जोडा. बुकिंगचा पैसा कुठून निघते? मंदिराच्या सभामंडपाचं काम कशातून झालं? नाटकातूनच ना.

अन् पोट्ट्या. माझी पोरगी दहावीले आहे, ती आयुष्यात पहिल्यांदा पुरं नाटक जागी राहून पाहून आली, त्या अल्बमवालीसाठी. आधी म्हणे, आई ते नाटक म्हाताऱ्यांचं. गाणं कसं झालं विचारलं तर म्हणे ठीकच, पण ती रडली तेव्हा माझा हात थरथरला. अन् मग दुसऱ्या दिवसापासून त्या नाटकातल्या दुसऱ्या बाईची नक्कल करून राहिली, सासूचं काम करणारीची, जिले पोस्टरवर बोटाएवढा फोटो होता. आता सांगा, तिले त्या सासूपर्यंत कोणी नेलं?

लंडनवाल्यांनी बी हाच विचार केला असन. २५ वर्षं जुनं नाटक, नवीन पोट्टेपोट्टी कुठून आणायचे. लाखांदूरवाल्या भाऊनंच लिहिलं ना, काही पोट्ट्या भांडून राहिल्या का आम्ही त्याच्यापायीच पाह्यलं. त्या पोट्ट्या आता पंचविशी-तिशीच्या बाया झाल्या असतील अन् आपल्या पैशानं तिकीट काढून जात असतील. त्या शिव्या देणाऱ्यांनी हा हिशोब केला का?

बाकी बाईनं गायलं म्हणून "मोबाइलवर लावा" असं मागून बोंबलणाऱ्या पोट्ट्यांची घरं मले ठाऊक आहेत. गड्यानं चुकवलं असतं तर हे बोल्ले असते का? आमच्या गावात खलनायक दोन वेळा वाक्य विसरला, त्याले टाळ्या भेटल्या.

बे_एक_बे

ताई खलनायकाले टाळ्या तो पिऊन होता म्हणून भेटल्या.

बचतगट_ताई

तेच म्हणून राहिले मी.

थेम्सकाठचा_ब्रह्मपुरीकर

ताईंचं शेवटचं एकदम बरोबर. आणि एक फरक सांगतो जो मला इथं आल्यावर समजला. इथं नाटक चालू असताना कोणी शब्द काढत नाही. गाणं संपलं की टाळ्या, शेवटी उभं राहून टाळ्या, वन्स मोर हा प्रकार नाही, आपल्यासारखं नोट देऊन बक्षीस तर नाहीच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीनं शिट्टी तोंडात आली होती, बायकोनं गुडघा दाबला. माइक पण दिसत नाही, केसात, कपाळापाशी लपवलेला असतो. एखाद्याचं काम पडलं तरी टाळ्या सारख्याच वाजतात, जरा कमी जोरात. मग लोक घरी जाऊन लिहितात. आणि लिहिलेलं राहतं. २०१० च्या एका दिवसात त्या पोरानं जे केलं त्याचा व्हिडिओ निघाला म्हणून तू आज धानाच्या पोत्यावर पडून ते बघतोस आणि मीही लंडनमध्ये बसून त्यावर वाद घालतो. त्याच्या आधीचे उन्हाळ्यातले रोजचे प्रयोग कसे झाले होते, ते कोणी बोलत नाही.

आपल्याकडं "आवाज! आवाज!" म्हणून तिथंच हिशोब होतो. वाईट वाटतं त्या पोरीचं, पण सकाळी मंडप निघाला की गाव पुढच्या नाटकाचं बोलते. (तुझे टपरीवाले सोडून.)

निक पुढं गेला का, तर गेला. २०१२ मध्ये ब्रॉडवेवर आणखी एका नाटकात मुख्य काम केलं, २०२५ मध्ये पुन्हा एका दोन माणसांच्या संगीत नाटकात. माझ्या एका सहकारीणबाईनं ते बघितलं, ती म्हणे आवाज ठीक पण बाई जास्त चांगली होती. म्हणजे हे काही सुटत नाही त्याचं.

धानकापणी

एवढं वाचून मले एकच समजलं का धान केंद्राच्या काट्यापेक्षा ह्या लोकांचा काटा जास्त चालू आहे.

लाखांदूरचा_पाट

सगळ्यांचे आभार. पेटीवाले भाऊ, तुम्ही म्हणाले ते विचारलं. मी काल त्या कंपनीच्या एका पडदेवाल्याले फोन लावला, ओळखीचा आहे. तालीम दीड दिवस. दीड! त्यातला अर्धा दिवस पोस्टरच्या फोटोत गेला. अन् पटाच्या आदल्या रात्री तिचा तिकडं गोंदियाकडं प्रयोग होता, पहाटे पाचले संपला, मग गाडीत झोपून आमच्या गावात आली. हे मले माहीत नव्हतं. टपरीवाल्या पोट्ट्यांना सांगितलं तर म्हणे आता तू तिची वकिली करून राहिला.

अन् एक गोठ मी पोस्टमध्ये लिहिली नव्हती, लाज वाटली म्हणून. ताईंनी लिहिलं म्हणून सांगतो. रात्री तीन वाजता शेवटच्या अंकात तिचं एक गाणं होतं, पोरगं मेल्यावरचं. तोपर्यंत अर्धा मंडप रिकामा, म्हातारेकोतारे अन् बाया तेवढ्या राहिल्या होत्या. तिचा आवाज पुरा गेला होता. ऑर्गनवाल्यानं एकच सूर धरून ठेवला, अन् तिनं ते गाणं गायलंच नाही, बोल्ली. खाली बसून, माइकच्या बाहेर, नुसती बोल्ली. आम्हाले समोर बसलेल्यांनाच ऐकू आलं. माझ्या मायनं पदरातून ५० ची नोट काढली अन् म्हणे जा देऊन ये, नाव नको सांगू माइकवर. मी गेलो नाही. पोट्टे पाहून राहिले होते ना.

मास्तर तुम्ही खुर्च्यांचं लिहिलं तर मले तेच आठवलं.

असो. बैठकीत मी काय बोलायचं ते ठरवलं. फोटो कोणाचाबी मोठा छापा, पण कमीत कमी आठ दिवस तालीम, आदल्या रात्री दुसरा प्रयोग नाही, अन् ऑर्गनवाला आम्ही सांगू तो. हे कागदावर लिहून घ्यायचं, मगच ॲडव्हान्स. कंपनीवाला नाही म्हणाला तर दुसरी पाहू, वडशात कंपन्यांच्या बोर्डांची कमी नाही.

पेटीवाला_भाऊ

आठ दिवस कोणी देणार नाही भाऊ. सीझनमध्ये एका रात्रीची किंमत असते. चार मागा, तीन भेटतील. अन् गाणे आधी पट्टी पाहून बसवा म्हणा, पट्टी गाणारीची, ऑर्गनवाल्याची नाही.

बचतगट_ताई

अन् पोस्टरवर सासूचा फोटो मोठा करा.

लाखांदूरचा_पाट

हाव ताई, ते मायनं बी सांगितलं. तर वडशाले रविवारी जाऊन राहिलो, बोलेरोत दोन जागा रिकाम्या आहेत. पेटीवाले भाऊ, तुम्ही चौकात भेटजा, चहा माझ्याकडं.

बे_एक_बे

टपरी बदलजा फक्त.